बंद केलेलं इंजिन

अंकासाठी काहीतरी दे, कविता असली तर कविता दे, असा पोरांचा निरोप आला. कविता मला जमत नाही. बत्तीस वर्षं मी लहान विमानांची इंजिनं खोलली, धुतली, जोडली. आधी हेल्पर, मग मेकॅनिक, मग एकेक इंग्रजी पेपर देत देत लायसनवाला. तेव्हा इंजिनावरच लिहितो. तुमच्यातले निम्मे आयटीआयवाले आहात, कुणी गॅरेजात आहे, कुणी एमआयडीसीत रात्रपाळीला. तुम्हाला कळेल. ज्याला कळणार नाही त्यानं शेजारच्याला विचारावं.

ज्या फ्लाइंग क्लबात लागलो त्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. १९८४ साल होतं. हँगरमध्ये दोन पुष्पक आणि तीन सेसना. पुष्पक म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं १९५८ साली पहिल्यांदा उडवलेलं कापडी अंगाचं, दोन माणसांचं विमान. त्याला ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन. स्टार्टर नाही. पंखा हातानं मारायचा. तो मारायला साहेब यायचे नाहीत, शिकाऊ वैमानिकही नाही. आत बसलेला ओरडायचा, 'कॉन्टॅक्ट!' आणि बाहेर उभा असलेल्या हेल्परनं पातं खाली ओढून त्याच दमात मागं सरायचं. पाय कसा ठेवायचा, वजन कुठल्या टाचेवर घ्यायचं, हे मला एका म्हाताऱ्या हेल्परनं शिकवलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बेटा, चालू पंख्याला सगळेच भितात. तू बंद पंख्याला भी."

ह्या बोलण्यातलं तंत्र मला पुढं वर्षभरानं कळलं. ते आधी सांगतो, कारण विमानाच्या इंजिनात 'बंद करणं' ही मोटारीसारखी सोपी गोष्ट नाही.

घरातल्या दिव्याचं बटन बंद केलं की तार तुटते आणि वीज थांबते. बटनच मोडलं तर दिवा लागत नाही, एवढंच. मॅग्नेटोचं ह्याच्या उलट असतं. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. आत चुंबक फिरतं आणि तो आपली वीज आपणच तयार करतो. त्याला गप्प करायचं तर त्याची तार इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडावी लागते. चावी 'ऑफ'वर नेली की आत हेच होतं. आता ही बारीक तार कुठं तुटली, किंवा तिचा नट ढिला झाला, की चावी ऑफवर असते, मीटर शून्यावर असतात, वैमानिक उतरून चहाला गेलेला असतो, आणि मॅग्नेटो जिवंत असतो. सिलिंडरात पेट्रोलची थोडी वाफ राहिली असेल आणि कुणी पंखा जरा ढकलला, की ठिणगी. त्यात बहुतेक इंजिनांत एका तरी मॅग्नेटोला स्प्रिंगचं कपलिंग असतं. हळू फिरवलं तरी ते स्प्रिंग दाबून धरतं आणि 'टक' करून एकदम सोडतं. सुरू करताना ठिणगी चांगली पडावी म्हणून ती सोय. म्हणून 'मी हळूच फिरवला' ह्याला काही अर्थ नाही.

आता ह्या दोषाचा गुण बघा. तार तुटलेली असताना इंजिन हवेत उत्तम चालतं. उडवणाऱ्याला काही त्रास नाही, मालकाला नाही, शिकवणाऱ्याला नाही. विमान आत ढकलताना आडवं आलेलं पातं उभं करणाऱ्या माणसालाच तो दोष कळतो.

१९८५ च्या दिवाळीआधी चाचांना कळला. संध्याकाळी सेसना आत घेत होतो. चाचांनी पातं हलवलं आणि इंजिन एकदाच भडकलं. अर्धा फेरा, आणि थांबलं. आवाज फटाक्यासारखा. चाचांचं मनगट मोडलं. डोकं पुढं असतं तर पुढचं लिहायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'हेल्परचा निष्काळजीपणा'. मी मॅग्नेटोची तार सोडवून बघितली. वरचं रबर शाबूत, आतले तांब्याचे धागे टोकापाशी सगळे तुटलेले, नुसते एकमेकांना टेकलेले. थरथर झाली की कधी जोडले जायचे, कधी नाही. ती तार मी फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवली. तार बदलली गेली. रजिस्टरमधलं वाक्य तसंच राहिलं.

त्यानंतर मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं एक गोष्ट भांडून करून घेतली. इंजिन बंद करायच्या आधी, पंखा अगदी हळू चालू असताना, वैमानिकानं चावी क्षणभर ऑफवर न्यायची आणि परत बोथवर आणायची. इंजिन मरायला लागलं पाहिजे. मरायला लागलं नाही तर बाहेरच्या माणसाला ओरडून सांगायचं की पंख्याला हात लावू नको, आणि तसं लिहून ठेवायचं. क्षणभर म्हणजे क्षणभरच. जास्त वेळ धरलं किंवा इंजिन जोरात असताना केलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं. ह्याला दोन सेकंद लागतात, पैसा लागत नाही. अमेरिकेच्या विमान खात्यानं १९७६ साली एका बनावटीच्या चाव्यांबद्दल आदेशच काढला होता, दर १०० तासांनी ऑफची अशी तपासणी करा म्हणून. कागद होता. फायलीत होता. फाइल कपाटात होती.

तर, विमानाचं इंजिन चावीनं बंद करत नाहीत. पेट्रोल तोडून बंद करतात. लाल मुठीचा एक दांडा असतो, त्याला मिक्श्चर म्हणतात, तो पूर्ण ओढायचा. पेट्रोल येणं थांबतं, आतलं उरलेलं जळून जातं आणि सिलिंडर रिकामं होऊन इंजिन मरतं. मग चावी ऑफ. चावीनं मारलं तर सिलिंडरात कच्चं पेट्रोल राहतं, आणि चाचांचं मनगट काय झालं ते वर लिहिलंच आहे.

बंद होताना इंजिन बोलतं. कान दिला पाहिजे. दांडा ओढला की मरायच्या आधी आरपीएम थोडे वर जातात, २५ ते ५० च्या आसपास, आणि मग खाली पडतात. ही उचकी दिसली की आयडलचं मिश्रण ठीक आहे असं समजावं. उचकी फार मोठी आली तर मिश्रण जाड आहे, प्लग काळे होतील. उचकी न येताच मेलं तर पातळ. आणि दांडा पूर्ण ओढूनही इंजिन खडखडत चालूच राहिलं, तर पहिल्यांदा सुरू करताना वापरायचा प्रायमर बघावा. त्याची मूठ फिरवून लॉक केलेली नसते आणि इंजिन तिथून पेट्रोल चोखत असतं. शिकाऊ पोरं हे नेहमी करतात. प्रायमर लॉक असेल तर दांड्याची केबल बघावी. आतली तार ओढली जाते, पण बाहेरची नळी क्लॅम्पमधून सरकते, आणि कार्बोरेटरवरचा लिव्हर शेवटच्या टोकाला पोचत नाही. आत मूठ पूर्ण बाहेर आलेली असते, बाहेर काम अर्धंच झालेलं असतं. म्हणून एक माणूस आत बसवून दांडा ओढायला लावायचा आणि आपण बाहेरून लिव्हर डोळ्यांनी बघायचा. कार्बोरेटर खोलायची पाळी त्याच्या नंतर. आमच्याकडं मात्र पहिल्यांदा कार्बोरेटरच खोलायचे. खोलणं दिसतं ना, केल्यासारखं!

आता तेल.

तेल इंजिनाला गुळगुळीत ठेवतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते आणखी चार कामं करतं. उष्णता वाहून नेतं, कचरा उचलून फिल्टरपर्यंत पोचवतं, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर ह्यांच्यातली फट भरतं आणि लोखंडाला गंजू देत नाही. ह्यातलं एकेक काम बिघडलं की बिघाड वेगळा दिसतो. 'ऑइल प्रॉब्लेम' असं नुसतं रजिस्टरमध्ये लिहून भागत नाही. आमच्याकडं तसंच लिहायचे.

दाबाचं बघू. सेसना १५२ घ्या. तेलाच्या दाबाचा हिरवा पट्टा ६० ते ९० पौंड. आयडलवर २५ पौंडांच्या खाली जाऊ नये. सुरू केल्यावर तीस सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद करायचं, विचार नंतर. समजा उडताना काटा खाली आला. वैमानिकानं शेजारच्या काट्याकडं, तेलाच्या तापमानाकडं बघावं. दाब उतरला आणि तापमान चढलं तर खरंच तेल गेलं, वेळ फार नाही. दाब उतरला आणि तापमान जागच्या जागी असलं तर मीटरवर संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही वेळा जवळच्या धावपट्टीवर उतरायचंच, पण खाली आलेल्या मेकॅनिकला ही एक ओळ लिहून मिळाली तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. मीटरकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी सुईएवढ्या भोकाचं फिटिंग असतं. नळी फुटली तरी सगळं तेल एकदम वाहून जाऊ नये म्हणून. त्या भोकात कचरा बसला की इंजिन ठणठणीत आणि काटा मेलेला. दुसरं खात्रीचं मीटर जोडून बघितलं की समजतं.

मीटर खरं बोलत असेल तर आधी काडी बघायची, तेल आहे का, कुठल्या जातीचं आहे. मग रिलीफ व्हॉल्व्ह. स्प्रिंगच्या टोकाला एक गोळी असते. दाब जास्त झाला की गोळी मागं सरते आणि जादा तेल परत खाली जातं. गोळीखाली बारीक कचरा अडकला की ती मिटत नाही, दाब उभा राहत नाही. धुतली की झालं. मग टाकीच्या तोंडाची जाळी, मग फिल्टर. आणि सगळ्यात शेवटी, ज्याचं नाव कुणालाच काढायचं नसतं ते, बेअरिंग. बेअरिंगमधली फट वाढली की तेल तिथून सुटतं आणि पंपानं किती ढकललं तरी दाब राहत नाही.

इथं एक चलाखी आहे, ती तुम्हाला सांगून ठेवतो. त्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं एखादा वायसर घातला किंवा स्क्रू आवळला की स्प्रिंग ताठ होते आणि काटा वर चढतो. ही सोय कंपनीनंच दिलेली आहे, बाकी सगळं तपासून झाल्यावर दाब जुळवायला. पण मोटारीच्या गॅरेजात काय, हँगरात काय, काटा हिरव्यात आणायला तिचा वापर होतो. मला एकदा सांगितलं गेलं, "एक वायसर घाल रे, उद्या तपासणीला माणूस येतोय." मी घातला. उड्डाणाच्या आरपीएमवर काटा ७० ला उभा राहिला, सगळे खूश. मी म्हणलं, आता गरम झाल्यावर आयडलवर बघा. आयडलला वीसच! कारण गरम इंजिन हळू चालत असतं तेव्हा ती गोळी आधीच मिटलेली असते. मिटलेल्या दाराला आणखी जोर लावून काय होणार? तिथं दाब ठरतो तो पंपाच्या आणि बेअरिंगच्या तब्येतीवर. म्हणून कुणी गाडी विकायला आणली आणि रेस करून काटा दाखवायला लागला, तर त्याला म्हणायचं, गरम होऊ दे आणि आयडलवर सोड.

तेल कमी होणं हा दुसरा प्रकार. इंजिन तेल खातं, हे त्याचं कामच आहे. चांगलं इंजिन आठ-दहा तासांना एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, खातं. कंपनी जी कमाल मर्यादा देते ती ह्याच्या कितीतरी पुढं असते. १६० अश्वशक्तीच्या लायकमिंगला तासाला अर्ध्या क्वार्टच्या आसपास. पण मर्यादेच्या आत आहे म्हणून झोपायचं नाही. काल दहा तासांना एक लागत होतं आणि आज चार तासांना लागतंय, हा फरक महत्त्वाचा. तो कळायला दर उड्डाणाला किती घातलं ते लिहावं लागतं.

आमच्याकडं एक १७२ तेल खाते म्हणून बदनाम होती. तिच्या टाकीत आठ क्वार्ट मावतात, म्हणून प्रत्येक शिकाऊ पोरगा काडीवर आठाची रेघ दिसेपर्यंत तेल ओतायचा. वरचं एक-दीड क्वार्ट इंजिन ब्रीदरच्या नळीनं बाहेर फेकायचं आणि सहा-साडेसहाला येऊन शांत बसायचं. दुसरा पोरगा यायचा, परत आठ. हे मला कळलं कारण विमानाचं पोट पुसायचं काम माझं होतं. रोज ब्रीदरपासून शेपटीपर्यंत तेलाचा पट्टा. साडेसहाच्या वर घालायचं नाही अशी चिठ्ठी लावली, आणि पोट कोरडं झालं. वर बसणाऱ्यांना पोट दिसत नाही.

उलटं उदाहरणही बघितलं. नवीन सिलिंडर बसवलेलं इंजिन. मालकानं कौतुकानं हळूहळू चालवलं, जोर दिला नाही. नव्या सिलिंडरला असे लाड चालत नाहीत. साधं मिनरल तेल घालून त्याला दाबून चालवावं लागतं, ६५ ते ७५ टक्के जोरावर, म्हणजे रिंगा भिंतीला घासून बसतात. हळू चालवलं तर भिंतीवर तेलाचा काचेसारखा थर भाजला जातो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. मग जन्मभर तेल खातं, खालचे प्लग ओले. सिलिंडर परत उतरवून घासून काढावे लागले.

आणि गंज. सगळ्यात जास्त इंजिनं मी गंजानं मेलेली बघितली.

लायकमिंग म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावची कंपनी. सेसना १५२ ला, बहुतेक १७२ ना तिचीच इंजिनं. त्यांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की काही दिवसांत त्याच्यावरचं तेल गळून खाली जातं आणि तो उघडा पडतो. पुष्पकच्या कॉन्टिनेन्टलमध्ये कॅम खाली असतो, त्याला तेल टिकतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात, दमट हवेत, वरच्या कॅमवर गंजाचे टिपके यायला फार दिवस लागत नाहीत. मग इंजिन सुरू केलं की टॅपेटच्या तोंडावर ते टिपके घासतात, टवका उडतो, आणि टवका उडालेला टॅपेट कॅमचा उंचवटा कानशीसारखा खात सुटतो.

तेलाची आणि कॅमची ही भानगड कंपनीलाही जड गेलेली आहे. १९७७ च्या सेसना १७२ ला लायकमिंगचं एक नवीन इंजिन दिलं होतं. त्याचे कॅम आणि टॅपेट असे खराब व्हायला लागले की तेलात खास औषध घालायचा हुकूम निघाला, आणि १९८१ च्या मॉडेलपासून सेसनानं ते इंजिनच बदललं.

१९९१ च्या पावसाळ्यात आमची एक १७२ सात आठवडे उभी होती. धावपट्टीवर पाणी, वर ढग. फोरमनचा हुकूम होता, दर शनिवारी पाच मिनिटं इंजिन चालवायचं आणि अधूनमधून पंखा हातानं फिरवायचा, म्हणजे तेल लागेल. ऐकायला बरोबर वाटतं. कंपनीच्या पत्रकात ह्याच्या उलट लिहिलेलं आहे, आणि कारण देऊन लिहिलेलं आहे. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. ते पाणी तेलातून उडून जायला तेल जवळजवळ ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापून तसंच बराच वेळ राहावं लागतं. ते जमिनीवर पाच मिनिटांत होत नाही, तासभर उडवल्यावर होतं. पाच मिनिटं चालवणं म्हणजे इंजिनाला पाणी पाजून झोपवणं. तेल घालायच्या झाकणाला आतून पिवळी साय धरली होती, ती मी दाखवली. हातानं पंखा फिरवला तर कॅमवर जो थोडा थर उरलेला असतो तोही पुसला जातो. मी हे सांगितलं. उत्तर मिळालं, "तुला इंग्रजी वाचता यायला लागलं वाटतं."

पावसाळा गेला, विमान उडायला लागलं. पन्नास तास भरले की तेल बदलायचं आणि फिल्टर कापून बघायचा. फिल्टर नसून नुसती जाळी असली तर पंचवीस तास. आणि उडालं नाही तरी चार महिन्यांनी. फिल्टर कापायचं काम कुणाला नको असायचं. काळं, चिकट, नखांत आठ दिवस राहणारं. जो तो माझ्याकडं ढकलायचा. हॅकसॉनं कापायचा नाही, तिचाच लोखंडी चुरा आत पडतो आणि मग इंजिनाच्या नावानं बोंब. डब्याच्या झाकणासारखा गोल कापणारा कटर वापरायचा. आतला घड्या घातलेला कागद उलगडायचा, पांढऱ्या जर्मनच्या ताटात स्वच्छ पेट्रोलमध्ये धुवायचा, आणि खाली काय बसतं ते उन्हात नेऊन बघायचं. नखानं चुरलं ते कार्बन. पितळी रंगाचं ते बुशिंगचं. पांढरं, हलकं, कॉस्टिक सोड्यात फसफसलं ते अल्युमिनियम, म्हणजे पिस्टनकडं बघा. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाला जे उठून चिकटलं ते लोखंड. कॅम, टॅपेट, गिअर, रिंगा.

त्या दिवशी चुंबकाला दाढी आली.

फोरमन म्हणाला, "कार्बन आहे. पॅक कर." मी म्हणलं, "कार्बन चुंबकाला चिकटत नाही." तो म्हणाला, "तू हेल्पर आहेस." तेव्हा मी कागदोपत्री मेकॅनिक होतो, पण ते असो. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याच विमानातून एक शिकाऊ मुलगी एकटी दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर जाऊन परत येणार होती. दोन आठवड्यांपासून विमान पळायला जास्त जागा घेत होतं, चढायला कंटाळत होतं, आणि सगळे म्हणत होते ऑक्टोबरचा उकाडा आहे. कॅम झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, जोर कमी होतो, पण हळूहळू आणि खडखड न करता. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मी ताट उचललं आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तेलकट पायांनी तिथं जायचं नसतं असा रिवाज होता. टेबलावर काच, काचेखाली फोटो. ताट काचेवर ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला, चुंबक हातात घेतलं, तीनदा फिरवलं. काही बोलले नाहीत. फोन उचलून म्हणाले, "उद्याचं उड्डाण रद्द." मग सिलिंडर काढायला लावला. भोकातून बॅटरी मारून बघितलं तर कॅमचा एक उंचवटा गोल झालेला, टॅपेटच्या तोंडावर खड्डे.

ह्या इंजिनात टॅपेट बाहेरून निघत नाही. त्याचं डोकं छत्रीसारखं असतं, आतूनच बसवावं लागतं. म्हणजे क्रँककेस दोन भागांत फोडावं लागतं, म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं. सुटे भाग परदेशातून, डॉलरमध्ये. चार महिने विमान बसलं. चार महिने क्लबात एकच वाक्य फिरत होतं, "ह्याचा हात लागला की विमान बसतं." हसत हसत म्हणायचे. पाणी प्यायला माठाजवळ गेलो की म्हणायचे. ह्या वाक्यात किती जुनं काय भरलंय, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. त्या मुलीचे तास लांबले म्हणून तीही चिडली होती. तिच्यावर माझा राग नाही, तास म्हणजे बापाचे पैसे. मी फक्त एक केलं. त्या दिवशीच्या फिल्टरमध्ये काय निघालं ते साहेबांच्या सहीनं लॉगबुकात लिहून घेतलं. दोन ओळी. त्या ओळींवरच पुढं मला परीक्षेला बसायचं शिफारसपत्र मिळालं, आणि ज्यांनी दिलं ते माझ्या जातीचे नव्हते, हेही लिहिलं पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे गॅरेजवाल्या पोरांनी वाचावं.

लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. १०० एलएल म्हणतात त्याला, एलएल म्हणजे शिसं कमी, पण कमी म्हणजे लिटरमागं ०.५६ ग्रॅमपर्यंत. आपल्या रस्त्यावरच्या पेट्रोलमधून शिसं २००० सालापर्यंत गेलं. २०२१ साली अल्जीरियानं विक्री थांबवल्यावर जगातल्या रस्त्यांवरून गेलं. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून आहे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते आपल्याकडंच तयार करते, आधी परदेशातून यायचं. जळल्यावर बरंचसं धुराड्यातून जातं, काही प्लगवर करड्या खड्यांसारखं बसतं, आणि काही रिंगांच्या फटीतून खाली उतरून तेलात मिसळतं. सेसना १५२ चं इंजिन तर ह्यासाठी प्रसिद्धच. तिचे खालचे प्लग शिशानं भरायचे. त्यावर कंपनीचा उपाय असा की बंद करायच्या आधी इंजिन थंड होऊ द्यावं, मग १८०० आरपीएमवर १५-२० सेकंद चालवावं, परत हजार-बाराशेवर आणून लगेच मिक्श्चरनं बंद करावं. प्लग स्वच्छ राहतात. म्हणजे तो टोकण्यानं खरवडून, तोंडानं फुंकर मारून भुकटी उडवायची वेळ कमी येते. ती फुंकर कोण मारत होतं?

आम्हा हेल्परांना हातमोजे नव्हते. हात त्याच पेट्रोलनं धुवायचो, कारण साबणानं निघत नाही. ते पेट्रोलमधलं शिसं कातडीतून आत जातं. काढलेलं काळं तेल डब्यात भरून घरी न्यायची पद्धत होती. फुकट मिळायचं. दाराच्या चौकटीला, वाशांना लावलं की वाळवी लागत नाही. माझ्या मायनं आमच्या घराची चौकट त्यानं काळी कुळकुळीत केली होती, बोटांनी लावायची, उरलेलं पदराला पुसायची. शेजारणी मागायला यायच्या. रांगती पोरं त्याच चौकटीला धरून उभी राहायची. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त मार लहान पोरांना बसतो.

गाडीच्या जुन्या तेलात आता शिसं नसेल, पण झिजलेल्या बेअरिंगचं, जळलेल्या तेलाचं काय काय असतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी घरी डबा नेत असेल तर नेऊ नका, ते गोळा करणाऱ्याला द्या. हात पेट्रोलनं धुऊ नका. आधी थोडं गोडं तेल चोळा, चिंधीनं पुसा, मग साबण. मोजे मालकाकडं मागा, दिले नाहीत तर मागितल्याची तारीख लिहून ठेवा. आणि कामाचा शर्ट तिथंच काढून, मग घरी जा. पोरगं दारात आलेलं असतं, ते शर्टालाच बिलगतं.